‘बोथ ऑफ यू हॅव नॉट सेंट’: मालवणच्या एका होमस्टेचा इंग्रजी मेल आणि त्याची दुरुस्ती

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यात समुद्रालगत सहा खोल्यांचा एक होमस्टे आहे. घरचीच माणसं तो चालवतात. सासरे बाजारहाट आणि होडीवाल्यांचं बघतात, सासूबाईंच्या हाती स्वयंपाकघर आहे आणि बुकिंग, पत्रव्यवहार, हिशेब सुनेकडे. सुनेचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं, पण इंग्रजी व्याकरण पक्कं. आलेल्या मेलला ती त्याच दिवशी उत्तर देते. (इथली आडनावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

जानेवारीतल्या पाच रात्रींसाठी ब्रिटनमधून दोघांचं बुकिंग आलं. बुकिंग करणाऱ्या बाईंनी स्वतःचं नाव ‘डॉ. कार्टर’ असं दिलं होतं. दुसऱ्या पाहुण्याच्या रकान्यात फक्त ‘पी. हिल’ एवढंच होतं. खोली एक, पलंगाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून डबल बेडची खोली राखून ठेवली गेली.

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची सरकारकडे नोंद करणारा, ‘सी-फॉर्म’ या नावाने ओळखला जाणारा अर्ज ऑनलाइन भरणं यजमानाला बंधनकारक असतं. हॉटेल असो, लॉज असो की घरगुती होमस्टे, सगळ्यांना हा नियम लागू आहे. त्यासाठी प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट आणि व्हिसा यांचा तपशील हवा. गावात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, म्हणून कागद आधीच मागवून ठेवायचे अशी या घराची रीत, आणि ती योग्यच आहे. मागितलं ते वावगं नव्हतं. मागण्याच्या शब्दांनी घोटाळा केला.

पाहुणे यायला नऊ दिवस उरले असताना सुनेने रात्री हा मेल पाठवला:

‘डिअर मिस्टर अँड मिसेस कार्टर, बोथ ऑफ यू हॅव नॉट सेंट पासपोर्ट अँड व्हिसा. यू पीपल मस्ट सेंड बाय टुमॉरो विदाउट फेल. ऑल्सो टेल व्हॉट टाइम यू टू विल रीच. काइंडली डू द नीडफुल.’

तिच्या मनातलं मराठी वाक्य वेगळं होतं. ‘आपण दोघांनी पासपोर्ट आणि व्हिसा अजून पाठवलेला नाही. तुम्ही लोकांनी तो उद्यापर्यंत जरूर पाठवावा आणि दोघं किती वाजता पोचाल तेही कळवावं.’ यात कुणाला टोचेल असं काही नाही. ‘आपण’ आहे, ‘पाठवावा’ आहे, ‘कळवावं’ आहे. आदर सर्वनामात आहे आणि क्रियापदाच्या रूपातही. इंग्रजीत येताना हे दोन्ही गळून पडलं आणि उरला तो नुसता हुकूम.

अडचण

उत्तर काही तासांत आलं आणि ते थंड होतं. डॉ. कार्टर यांनी स्वतःचे कागद आठवड्यापूर्वीच बुकिंगच्या संकेतस्थळावरून पाठवले होते. आपण दोघे मिस्टर-मिसेस नाही, हे त्यांनी कळवलं. ज्यांच्या घरी राहायला येणार त्यांच्याकडून ‘यू पीपल’ ऐकणं बरं वाटलं नाही, असंही लिहिलं. आणि शेवटी, हे बुकिंग तुम्हाला त्रासाचं होत असेल तर तसं सांगा, आम्ही रद्द करतो.

घरात गोंधळ उडाला. सुनेला कळेना की ‘काइंडली’ लिहूनही उद्धट काय झालं. त्या चार ओळींत चार वेगवेगळे दोष होते, आणि प्रत्येकाचं कारण निराळं आहे.

सर्वांत जड शब्द ‘यू पीपल’. मराठीत ‘तुम्ही लोक’ हे साधं बहुवचन आहे, आणि हिंदीत ‘आप लोग’ तर चांगलं सभ्य बहुवचन. आपल्याकडचे बहुतेक जण तिथूनच ते इंग्रजीत नेतात. पण इंग्रजीत ‘यू पीपल’ म्हटलं की बोलणारा ऐकणाऱ्याला एका गटात ढकलतो आणि स्वतः त्या गटाबाहेर उभा राहतो. अमेरिकेत १९९२ साली अध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेले रॉस पेरो यांनी कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेच्या अधिवेशनात श्रोत्यांना उद्देशून हे शब्द वापरले आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. कॅनडात २०१९ साली हॉकीचे ज्येष्ठ समालोचक डॉन चेरी यांनी स्थलांतरितांबद्दल बोलताना तेच शब्द काढले आणि दोन दिवसांत त्यांचं दूरचित्रवाणीवरचं काम गेलं. इतकं ओझं वाहणारा शब्द पाहुण्यांच्या मेलमध्ये कुठल्याच वाक्यात बसत नाही. त्याला सौम्य करण्याची युक्ती नाही. तो गाळायचा.

दुसरा दोष ‘बोथ ऑफ यू हॅव नॉट’. इथे सूर आणि अर्थ दोन्ही बिघडतात. ‘दोघांनी पाठवलेलं नाही’ म्हणजे मराठीत एकानेही पाठवलेलं नाही. इंग्रजीत ‘बोथ’ आणि ‘नॉट’ एका वाक्यात आले की अर्थ दुभंगतो: कुणीच पाठवलं नाही, की दोघांपैकी एकाचंच आलं? डॉ. कार्टर यांचे कागद आलेले होतेच. म्हणजे एका वाचनात वाक्य खोटं आणि दुसऱ्या वाचनात धूसर. व्याकरणाला धरून ‘नायदर ऑफ यू हॅज सेंट’ लिहिलं असतं तर संदिग्धता गेली असती, आरोप मात्र तसाच राहिला असता. आणि इथे तो चुकीचाही ठरला असता.

‘बोथ’ हा शब्द मुळात वाईट नाही. तो बळ देतो, आणि ते बळ वाक्यात जे असेल त्याच्या पारड्यात पडतं. ‘थँक यू बोथ’मध्ये आभार दोघांपर्यंत पोचतात, कुणी वगळलं जात नाही. ‘वी लुक फॉरवर्ड टु वेलकमिंग यू बोथ’ हे वाक्य ‘आपण उभयतांनी अगत्य यावे’च्या जवळ जातं. पण वाक्य कसूर दाखवणारं असेल तर तोच शब्द म्हणतो, ‘तुमच्यापैकी एकही सुटत नाही.’ जागेचाही थोडा फरक आहे. वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून आलेलं ‘बोथ ऑफ यू’ ठासून बोलल्यासारखं वाटतं, तर क्रियापदानंतर आलेलं ‘यू बोथ’ हलकं राहतं.

तिसरं ‘यू टू’. दोघे मित्र असतील, लग्न ठरलं असेल, तर ‘काँग्रॅच्युलेशन्स, यू टू!’ यात माया आहे. अनोळखी माणसाच्या मेलमध्ये मात्र वर्गात मागच्या बाकावरच्या दोन मुलांना बाईंनी हाक मारावी तसं ते ऐकू येतं. फोनवर आणखी एक घोळ होतो. ‘दोन’ या अर्थाचा ‘टू’ आणि ‘सुद्धा’ या अर्थाचा ‘टू’ कानाला सारखेच लागतात. ‘थँक यू टू’ म्हटलं की समोरच्याला ‘तुमचेही आभार’ असं ऐकू येतं आणि दोघांचा उल्लेख हवेत विरतो.

चौथा दोष नावांचा, आणि तो सगळ्यात सहज टळला असता. बुकिंगमध्ये ‘डॉ.’ लिहिलेलं होतं, आडनावं दोन होती. एका खोलीत बाई आणि पुरुष म्हणजे नवरा-बायको, आणि नवरा-बायको म्हणजे एकच आडनाव, अशा दोन अटकळी एकीवर एक बांधल्या गेल्या. ‘मिस्टर अँड मिसेस’ ही इंग्रजीतली जुनी, एके काळी पूर्ण सभ्य मानली जाणारी पद्धत आहे. आज अनेक ब्रिटिश जोडपी लग्न न करता राहतात, लग्नानंतरही अनेक बायका आडनाव बदलत नाहीत, आणि स्वतःच्या शिक्षणाने मिळवलेली पदवी कुणी ‘मिसेस’मध्ये बुडवली की त्यांना ते लागतं. ‘मिस’ आणि ‘मिसेस’ यांच्यामधून वाट काढणारं ‘मिझ’ हे संबोधन न्यूयॉर्क टाइम्सने १९८६ साली स्वीकारलं. आज विवाह माहीत नसेल तेव्हा बाईंसाठी तेच वापरतात. आपल्याकडे ‘सौ.’ की ‘श्रीमती’ यावरून लग्नपत्रिकेच्या मसुद्यावर घरोघरी खल होतो. ती काळजी इंग्रजी लिहिताना मात्र कुणाला आठवत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी इंग्रजीचा एक स्वभाव आहे. जुन्या इंग्रजीत दोघांसाठी ‘गित्’ असं वेगळं सर्वनाम होतं, संस्कृतातल्या ‘युवाम्’सारखं. ते तेराव्या शतकाच्या सुमारास लोपलं. पुढे एकवचनी ‘दाऊ’ही रोजच्या बोलण्यातून गेलं. राहिलं एक ‘यू’. त्यात संख्या दिसत नाही आणि आदरही दिसत नाही. मराठी माणसाला ते उघडं वाटतं, म्हणून तो त्याला ‘टू’, ‘बोथ’, ‘पीपल’ अशी शेपटं जोडतो. इंग्रजीत आदर त्या शेपटांत नसतोच. तो नाव बरोबर लिहिण्यात, प्रश्न विचारण्याच्या रीतीत आणि कारण सांगण्यात असतो.

कोणते पर्याय समोर होते

सासऱ्यांचं म्हणणं, फोन लावून बोलावं, लिहीत बसून काही होत नाही. यात तथ्य होतं, कारण आवाजात ओशाळलेपण कळतं. अडचण वेळेची होती. हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणजे आपले सकाळचे दहा ही त्यांची पहाटेची साडेचार. दुपारी अडीचच्या आत फोन करणं शहाणपणाचं नव्हतं. शिवाय नंबर फक्त डॉ. कार्टर यांचा होता, म्हणजे मिस्टर हिल पुन्हा बाजूलाच राहिले असते. आणि अडखळत्या इंग्रजीत फोनवर ‘यू टू’ परत निसटण्याची भीती होतीच.

सुनेने एक लांब माफीपत्र लिहून ठेवलं होतं. ‘युअर गुड सेल्व्ज’, ‘एक्स्ट्रीमली सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स’, ‘सॉरी इफ यू फेल्ट बॅड’ असं सगळं त्यात होतं. ते पाठवलं नाही हे बरं झालं. ‘गुड सेल्व्ज’ आपल्या कचेऱ्यांच्या इंग्रजीत अजून जिवंत आहे, ब्रिटिश वाचकाला ते जुनाट आणि पोकळ वाटतं. ‘इफ यू फेल्ट’ तर माफीच उलटवतं: चूक आमची नाही, तुम्हाला वाईट वाटलं ही तुमची बाब. अशा पत्रात शब्द पुष्कळ असतात आणि नेमकं काय चुकलं ते कुठेच नसतं.

तिसरा पर्याय, दोघांना वेगवेगळे मेल. तो आदराचा वाटतो, पण प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल, आणि शेवटी कुणीच देत नाही. चौथा पर्याय गप्प बसून पाहुण्यांच्या येण्याची वाट पाहण्याचा. बुकिंग रद्द करण्याची भाषा झालेली असताना तो धोक्याचा होता.

ठरलं ते असं: एकच छोटा मेल, चूक नावानिशी कबूल, आणि त्यातच उरलेलं काम साधं करून सांगायचं.

काय केलं

लिहिण्याआधी सुनेने दोन्ही पेट्या उघडल्या, मेलची आणि बुकिंगच्या संकेतस्थळावरची. डॉ. कार्टर यांचे दोन्ही कागद तिथे होते आणि मिस्टर हिल यांचा पासपोर्टही. राहिला होता फक्त त्यांचा व्हिसा. म्हणजे ‘दोघांचं काहीच नाही’ इथून गोष्ट ‘एका माणसाचा एक कागद’ इथवर आली. या पडताळणीला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि सगळ्या दुरुस्तीत हिचाच वाटा मोठा मानायला हवा. कारण शब्द कितीही गोड असले तरी न केलेल्या चुकीबद्दल विचारणा झाली की माणूस दुखावतोच.

मग हा मेल गेला:

‘डिअर डॉ. कार्टर अँड मिस्टर हिल, थँक यू फॉर युअर मेसेज. अवर लास्ट ईमेल वॉज बॅडली वर्डेड, अँड वी आर सॉरी. युअर डॉक्युमेंट्स हॅड अराइव्ह्ड. वी हॅड नॉट चेक्ड द बुकिंग साइट. द ओन्ली थिंग वी स्टिल नीड इज अ कॉपी ऑफ मिस्टर हिल्स व्हिसा. वी हॅव टु रजिस्टर ओव्हरसीज गेस्ट्स विदिन २४ आवर्स ऑफ अरायव्हल, सो अ फोटो सेंट एनी टाइम बिफोर यू ट्रॅव्हल विल बी फाइन. वुड यू प्रिफर वन डबल बेड ऑर टू सिंगल बेड्स? वी लुक फॉरवर्ड टु वेलकमिंग यू बोथ टु मालवण.’

रचना नीट पाहण्यासारखी आहे. नावात पदवी असलेली, आणि बुकिंगही करणारी व्यक्ती आधी. दोन आडनावं, दोन संबोधनं, लग्नाचा कुठेही अंदाज नाही. मधल्या वाक्यांत ‘यू’ एकटंच आहे, त्याला कुठलंही शेपूट नाही, आणि तरी ते दोघांना आहे हे वरच्या नावांवरून कळतं. कागद राहिल्याचं सांगताना वाक्याचा कर्ता ‘वी’ आहे: आम्हाला अजून हवा आहे. ‘तुम्ही पाठवला नाही’ हे कुठेच नाही. ‘मस्ट’ गेला, ‘उद्यापर्यंत’ गेलं, कारण ती मुदत खरी नव्हतीच. तिच्या जागी नियमाचं कारण आलं. ‘बोथ’ एकदाच, शेवटच्या, स्वागताच्या वाक्यात. पलंगाचा प्रश्न दोन सारख्या पर्यायांत विचारला, त्यामुळे उत्तर देणाऱ्याला आपलं नातं उलगडून सांगावं लागत नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. मिस्टर हिल यांचा मेल पत्ता होमस्टेकडे नव्हता, म्हणून मेल एकट्या डॉ. कार्टर यांनाच गेला. पत्ता मागून दोघांनाही मेलच्या ‘टु’ (प्रति) या रकान्यात घेता आलं असतं. एकाला ‘टु’मध्ये आणि दुसऱ्याला नुसती प्रत जाते त्या ‘सीसी’मध्ये ठेवलं की दुसरा दुय्यम ठरतो. जोडप्यांना लिहिताना हा क्रम लोकांच्या डोळ्यांत येतो.

परिणाम

दुसऱ्या दिवशी व्हिसाचा फोटो आला. सोबत दोन सिंगल बेड हवेत असं कळवलं होतं, कारण ते दोघे बहीण-भाऊ होते. ‘मिस्टर अँड मिसेस’ इतकं का खटकलं ते इथे उलगडलं. मेलखाली दोघांची पहिली नावं होती. इंग्रजी पत्रव्यवहारात ही खूण महत्त्वाची: समोरच्याने पहिल्या नावाने सही केली की पुढच्या मेलपासून त्याच नावाने, त्यांनी लिहिलेल्या क्रमाने संबोधायला हरकत नाही. त्याआधी आपण होऊन पहिल्या नावावर उतरू नये. पहिल्या नावापुढे ‘मिस्टर’ लावणंही टाळावं, आणि ‘सर’ तर जपून. ब्रिटनमध्ये पहिल्या नावाआधी ‘सर’ हा सन्मान मिळालेल्या माणसाचा किताब असतो.

पाहुणे आले, पाच रात्री राहिले. सी-फॉर्म पहिल्याच संध्याकाळी भरून झाला. सूर मेलमुळेच सुधारला असं ठामपणे म्हणता येणार नाही. उत्तर लगेच गेलं होतं, चूक मान्य केली होती, आणि एका कागदाखेरीज काही मागायचं उरलं नव्हतं. या तिन्हींचा हिस्सा आहे.

घरी आल्यावर बोलण्यातले प्रश्न वेगळे निघाले. जेवणावर वाढणारा मुलगा बहिणीला काय हवं ते भावाला विचारत होता. सासूबाईंनीच ते थांबवलं: ‘अरे, त्यांचं त्यांना विचार ना.’ त्यानंतर तो आधी बाईंकडे वळून ‘व्हॉट वुड यू लाइक?’ आणि मग भावाकडे वळून ‘अँड फॉर यू?’ असं विचारू लागला. दोघांना एका शब्दात गुंडाळण्यापेक्षा प्रत्येकाकडे बघून विचारणं बोलण्यात नेहमीच सोपं पडतं. किल्ल्याला जाताना होडीवाला ‘यू टू, सिट!’ म्हणाला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. तो हसत होता, हात धरून होडीत घेत होता. कागदावर हसू उमटत नाही, म्हणून तेच दोन शब्द तिथे कोरडे पडतात. बिल भावासमोर न ठेवता टेबलाच्या मध्यावर ठेवलं, तेही बरोबर झालं. बुकिंग बहिणीचं होतं.

सगळंच नीट झालं असं नाही. निघण्याच्या दिवशी व्हॉट्सअॅपवरून आपोआप जाणारा ‘डिअर सर, थँक यू फॉर स्टेइंग’ हा निरोप डॉ. कार्टर यांच्या नंबरवर गेला. तो साचा कुणी बदललाच नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधीचा निर्णयबिंदू बुकिंगचा. तिथेच ‘दोन्ही पाहुण्यांची नावं, आपल्याला जसं संबोधलेलं आवडेल तशी’ आणि ‘एक पलंग की दोन’ असे दोन रकाने असते, तर चारातला एक दोष जन्मालाच आला नसता. सी-फॉर्मचं कारणही बुकिंग पक्कं झाल्याच्या पहिल्याच मेलमध्ये सांगायला हवं होतं. कारण न सांगता पासपोर्ट मागितला की परदेशी माणूस सावध होतो, आणि त्याने व्हावंही.

दुसरा बिंदू आठवणीच्या मेलचा. आठवण करण्याआधी काय आलं आहे ते पाहायचं आणि मग वाक्य माणसापासून सुरू न करता कागदापासून सुरू करायचं. होमस्टेने आता तीन ठरावीक वाक्यं करून ठेवली आहेत. दोघांचंही काही आलं नसेल तर ‘वी डोन्ट येट हॅव युअर पासपोर्ट अँड व्हिसा कॉपीज’. एकाचं राहिलं असेल तर त्याचं नाव आणि त्या कागदाचं नाव. दोघांच्याही सह्या लागणार असतील तर ‘वी नीड अ सिग्नेचर फ्रॉम ईच ऑफ यू’. या शेवटच्या ठिकाणी संख्या सांगणं भागच असतं, कारण एकाच सहीवर काम भागेल असा समज होऊ शकतो. ‘ईच’ इथे ‘बोथ’पेक्षा नेमकं, कारण सही प्रत्येकाची वेगळी.

सुनेने मधल्या काळात इंटरनेटवरून ‘हाय बोथ’ हे संबोधन उचललं होतं. ब्रिटनमधल्या कचेऱ्यांत ओळखीच्या दोन सहकाऱ्यांना ते सर्रास लिहितात. पाहुण्यांना पहिल्याच मेलमध्ये ते नको, आणि अमेरिकी वाचकांपैकी अनेकांना ते अर्धवट तोडलेलं वाटतं. उलट अमेरिकी पाहुणे ‘यू गाईज’ मोकळेपणाने म्हणतील, बायकांनाही. ते त्यांना म्हणू द्यावं, आपण लिहू नये. ‘गाईज’ काही बायकांना खटकतं, आणि ते कुणाला खटकेल हे मेलवरून कळायला मार्ग नाही. ‘रिस्पेक्टेड सर अँड मॅडम’ने कुणी रागावणार नाही, पण नावं हाताशी असताना ती न लिहिणं म्हणजे ती वाचलीच नाहीत असं सांगणं.

नावं खरंच हाताशी नसतील, फक्त एकाचंच असेल, तर होमस्टेचा सध्याचा साचा ज्ञात नाव पूर्ण लिहितो, दुसऱ्याबद्दल अंदाज करत नाही आणि पहिल्याच ओळीत विचारतो: ‘कुड यू लेट अस नो द नेम ऑफ द अदर गेस्ट?’ ‘युअर वाइफ’, ‘युअर हजबंड’, ‘युअर पार्टनर’ यांपैकी काहीही नाही. व्हॉट्सअॅपवरच्या निरोपातूनही ‘सर’ काढलं आहे. तिथे आता बुकिंग करणाऱ्याचं नाव येतं आणि पुढे ‘थँक यू बोथ फॉर स्टेइंग विथ अस’. तीन पाहुणे असतील तेव्हा मात्र त्यातला ‘बोथ’ हाताने ‘ऑल’ करावा लागतो, आणि ते काम अजून सुनेला लक्षात ठेवावं लागतं.